रंगाच्या अकरा ओळी आणि कंसातलं एक वाक्य

प्रश्न असा आहे: सांगलीत विश्रामबागेतल्या एका ताईंनी नव्या फ्लॅटमध्ये किचन ट्रॉल्या, दोन वॉर्डरोब आणि टीव्ही युनिट करून घेतलं. मिस्त्रींनी लेटरहेडवर 4,20,000 रुपयांचं कोटेशन दिलं होतं. त्यातले 3,00,000 दिले, 1,20,000 बाकी. काम तीन आठवडे उशिरा संपलं. आता मिस्त्री बाकी मागतात, शिवाय माळ्याचे 18,000 जादा मागतात, आणि ‘नाही दिले तर कपाटांची शटर काढून नेतो’ म्हणतात. ताईंना काम पसंत नाही. बाकी रकमेचा पुढच्या तारखेचा चेक मात्र देऊन बसल्या आहेत. तो थांबवावा का, आणि काम आवडलं नसताना पैसे द्यायची कायद्यानं सक्ती आहे का, हे त्यांना हवंय.

ताई, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. लॅमिनेटच्या रंगावर अकरा ओळी आहेत: वाटला होता तसा नाही, संध्याकाळी मळकट दिसतो, जाऊबाईंनाही आवडला नाही. आणि सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगलाय, हे अगदी शेवटी, कंसात, एका वाक्यात. कोर्टात याच्या नेमकं उलट होतं. रंगाच्या अकरा ओळी पहिल्या फेरीतच गळतील, आणि तुमची बाजू कुणी सावरली तर ते कंसातलं वाक्य सावरेल.

आपला करार कायदा 1872 चा. त्यात ‘पसंत पडणे’ नावाची गोष्ट नाही. काय करायचं ठरलं होतं आणि काय केलं, एवढंच तो बघतो. तुम्ही दुकानात बसून लॅमिनेटच्या कार्डावरचा नंबर निवडला, कोटेशनवर तो नंबर आहे, त्याखाली तुमची सही आहे, आणि लावलंय तेच लॅमिनेट. तळहाताएवढा तुकडा आणि भिंतभर शटर यांत तोच रंग वेगळा दिसतो, हे खरंय. माझ्या स्वतःच्या घरात एक हिरवा वॉर्डरोब बारा वर्षं मला त्याची आठवण करून देतोय. पण तो दोष निवडीचा, मिस्त्रींचा नव्हे. रंगापोटी एक रुपयाही कापता येणार नाही.

आता प्लायकडे या. कोटेशनमध्ये किचनसमोर ‘18 एमएम, बीडब्ल्यूपी 710’ असं लिहिलंय, असं तुम्ही म्हणता. बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारं, आणि 710 म्हणजे आयएस 710, मरीन प्लायचं भारतीय मानक. त्याच्या चाचणीत तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात, तरी थर सुटता कामा नयेत. बाजारात ज्याला नुसतं ‘एमआर’ (ओलाव्यापुरतं टिकणारं) किंवा कमर्शियल म्हणतात ते आयएस 303 खाली येतं. ते वॉर्डरोबला चालतं, सिंकखाली नाही. तेव्हा आज एक करा. कपाटाच्या तळफळीची खालची बाजू बहुतेक वेळा लॅमिनेट न लावता सोडलेली असते. खाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारा. आयएसआयचा शिक्का, त्यावर 710 की 303, आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक दिसतो का बघा. मिळाला तर फोटो काढा. ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो क्रमांक खरा की खोटा हेही कळतं, कारण 710 चे छापील शिक्के कुठल्याही फळीवर उमटवणारे महाभाग आहेत.

शिक्का 303 चा निघाला, तर प्रश्न आवडीनिवडीचा राहतच नाही. लिहून दिलेला माल वापरला नाही, हा सरळ करारभंग. तळ फुगला नसता तरी तो करारभंगच होता, फक्त तुम्हाला कळला नसता. आणि सिंकखाली निघालं तर बाकीचे खणही तपासा. मात्र समोरचा वकील तुम्हाला पहिला प्रश्न विचारेल तो हा: सिंकची वेस्ट पाइप गळत होती का? तुमच्या प्लंबरनं जोडलेला पाइप महिनाभर ठिबकत असेल, तर 710 वरही त्याची खूण उठते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, त्यानंतर गावभाग-खणभागातली कितीतरी घरं नव्यानं फर्निचर करून बसली, आणि त्यातले बरेच वाद माझ्या टेबलावर आले. फळी फुगली ती मालामुळे की पाण्यामुळे, यावरच निम्म्या केसेस फिरल्या. म्हणून पाइप कोरडा असतानाचा फोटो हवा.

‘आवडलं नाही’ आणि ‘ठरल्यासारखं नाही’ यांतला फरक मला एका तानपुऱ्यानं शिकवला. पुण्याच्या एका गायिकेनं मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून जोडी करवून घेतली होती. निम्मे पैसे आगाऊ. जोडी घरी गेली आणि महिन्याभरानं त्यांनी उरलेले पैसे नाकारले: ‘आवाज मोकळा नाही.’ कारागीर माझ्याकडे आला तो रागानं नव्हे, अपमानानं. मी विचारलं, मोकळा नाही म्हणजे नेमकं काय? तो म्हणाला, वकीलसाहेब, जवारी आहे ती. घोडीचा माथा कानसानं थोडा जास्त-कमी घासला की आवाज बदलतो, आणि प्रत्येक गळ्याला वेगळी लागते, पुन्हा लावून देतो म्हणून मी तीनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. त्या तीन फोनवर ते भांडण मिटलं. जवारी न जुळणं हा दोष असेलही, पण तो दुरुस्त होणारा दोष, आणि दुरुस्तीची संधीच न देता पैसे अडवणं न्यायाधीशाला रुचत नाही. उलट भोपळ्याला तडा असता, किंवा ठरलेल्या लाकडाऐवजी दुसरं लाकूड निघालं असतं, तर मी कारागिराला घरी पाठवलं असतं. शेवटी गल्लीतल्याच एका वयस्कर कारागिरानं दोघांसमोर जवारी लावली, बाईंनी षड्ज लावून पाहिला, आणि चेक लिहिला.

तर मुद्दा असा की काम झालंय, वापरात आहे, पण त्यात खरे दोष आहेत. अशा वेळी सगळी बाकी अडवता येते का? नाही. दोष दुरुस्त करायला जेवढा खर्च येतो तेवढाच कापता येतो. आपल्या करार कायद्यात ‘बहुतांशी पूर्ण झालेलं काम’ असं कलम नाही, पण इंग्लंडचे दोन निकाल इथल्या वादातही दाखवले जातात. बंधनकारक नाहीत, वाट दाखवणारे आहेत. 1952 चा होनिग विरुद्ध आयझॅक्स हा तर तुमच्याच घरातला वाटेल. लंडनमधला फ्लॅट, सजावट आणि फर्निचरचं काम 750 पौंडांचं, 400 दिलेले. मालकानं 350 अडवले, कारण वॉर्डरोबचं दार बदलण्याजोगं होतं आणि पुस्तकांच्या कपाटाच्या फळ्या आखूड होत्या. दोष काढायचा खर्च साधारण 56 पौंड. कोर्ट म्हणालं, तेवढे वजा कर, बाकीचे दे. याची दुसरी बाजू 1972 च्या बोल्टन विरुद्ध महादेव या खटल्यात दिसते. घर गरम ठेवायची यंत्रणा 560 पौंडांत बसवायची होती. बसवली, पण घर नीट तापेना आणि खोल्यांत धूर यायचा. दुरुस्तीचा अंदाज 174 पौंड. तिथे ठेकेदाराला काहीच मिळालं नाही, कारण ज्यासाठी ते काम होतं तेच झालं नव्हतं.

तुमचं स्वयंपाकघर पहिल्या गटातलं. त्यात तुम्ही रोज स्वयंपाक करता. म्हणून हिशेब असा मांडा. दुसऱ्या एखाद्या मिस्त्रीकडून लेखी अंदाज घ्या. तुम्ही सांगितलेल्या तपशिलावरून मी उदाहरणाला आकडे धरतो: सिंकचा खण 710 मध्ये नव्यानं करायला 22,000, अडकणाऱ्या दोन ड्रॉवरचे चॅनल 3,600, उचकटलेल्या कडांचं एज बँडिंग 4,400. एकूण 30,000. म्हणजे 1,20,000 पैकी 90,000 वर तुमचा काही आक्षेपच नाही, आणि ज्यावर आक्षेप नाही ते पैसे अडवून ठेवणं ही तुमची सगळ्यात मोठी चूक ठरेल. व्याज चढतं ते वेगळंच, पण खरं नुकसान असं की 30,000 चा रास्त माणूस 1,20,000 चा बुडवा दिसू लागतो.

दुरुस्ती दुसऱ्याकडून करून घेण्याआधी पहिल्याला लेखी सांगून पंधरा दिवसांची मुदत द्या. कलम 73 नुकसानभरपाई देतं, पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की नुकसान कमी करायचं जे साधन हाताशी होतं तेही मोजलं जाईल. मिस्त्री फुकट दुरुस्त करायला तयार होते आणि तुम्ही दार उघडलं नाही, तर दुसऱ्याचं बिल त्यांच्या माथी मारता येणार नाही. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी पाहुण्यांसमोर झालेला अपमान, मनस्ताप, हेही दिवाणी दाव्यात या कलमाखाली सहसा बसत नाही. त्याची थोडीफार दखल ग्राहक आयोग घेतो.

उशिराचं काय? इथे मला वाईट बातमी द्यायचीय. वास्तुशांतीची तारीख कोटेशनवर होती, ती चुकली, तरी तुम्ही मिस्त्रींना काम पुढे चालू ठेवू दिलंत आणि पूर्ण झालेलं काम ताब्यात घेतलंत. कलम 55 चा तिसरा परिच्छेद म्हणतो, ठरलेल्या वेळेनंतरचं काम स्वीकारताना ‘उशिराची भरपाई मी मागणार आहे’ असं त्याच वेळी कळवलं नसेल, तर नंतर मागता येत नाही. तुम्ही त्या तीन आठवड्यांत काय लिहिलंत? व्हॉट्सॲपवर ‘दादा, कधी येताय?’ एवढंच. ती विचारपूस झाली, सूचना नव्हे. एकच ओळ, ‘उशिरामुळे होणारं नुकसान मी बिलातून कापणार आहे’, वेळेवर गेली असती तर आज हा मुद्दा जिवंत असता. तो सोडून द्या.

माळ्याचे 18,000 कोटेशनमध्ये नाहीत, म्हणून देणार नाही, असं तुम्ही म्हणता. पण काम चालू असताना ‘इथे वर एक माळा काढा ना’ हे कुणी म्हटलं? तुम्हीच लिहिलंय, सासूबाईंनी. आणि आज त्या माळ्यावर गाद्या आहेत. तोंडी करारही करारच असतो. तो सिद्ध झाला नाही तरी कलम 70 आहे: फुकट करायच्या इराद्यानं न केलेल्या कामाचा फायदा तुम्ही घेतलात, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं 1961 साली बी. के. मंडल यांच्या खटल्यात, नियमाप्रमाणे करार झालेला नसताना, याच कलमाखाली खुद्द पश्चिम बंगाल सरकारला बांधकामाचे पैसे द्यायला लावले. सरकार सुटलं नाही, तिथे माळा कुठे सुटणार? फक्त मिस्त्री सांगतील तो आकडा नव्हे, रास्त दर. चौरस फुटावर मोजा आणि मोबदला द्या.

शटर काढून न्यायची धमकी मात्र पोकळ आहे. कलम 170 कारागिराला माल अडवून ठेवायचा हक्क देतं, पण वस्तू त्याच्या ताब्यात असेल तरच. गॅरेजवाला दुरुस्त केलेली गाडी बिल मिळेपर्यंत ठेवू शकतो, शिंपी शिवलेला कोट ठेवू शकतो. कायद्याच्या त्या कलमातच शिंप्याचं उदाहरण आहे, आणि ते मजेशीर आहे: शिंप्यानं कोट तयार होताच द्यायचं आणि पैशाला तीन महिन्यांची मुदत द्यायचं कबूल केलं असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. तुमचं फर्निचर तुमच्या घरात, भिंतीला ठोकलेलं, तुमच्या ताब्यात. मिस्त्री परवानगीशिवाय घरात शिरून शटर उतरवू लागले तर ते फौजदारीत जाईल. पण हाच न्याय तुम्हालाही लागू. त्यांची ड्रिल मशिन आणि कटर तुम्ही ‘हिशेब होईपर्यंत’ कपाटात ठेवलंय, हे तुम्ही सहज लिहून गेलात. ते उद्याच परत करा, आणि मिळाल्याची सही घ्या. तो माल अडवायचा हक्क तुम्हाला कुठल्याही कलमानं दिलेला नाही. पोलीस ठाण्यात दोघांपैकी कुणीही पैशासाठी गेलं तर ‘दिवाणी बाब आहे’ हेच ऐकायला मिळतं. मशिनसाठी गेले, तर तसं ऐकू येईलच याची खात्री देत नाही.

आता चेक. याचीच मला जास्त काळजी आहे. बँकेला ‘पेमेंट थांबवा’ सांगितलं म्हणजे चेक न वठल्याच्या गुन्ह्यातून, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 मधून सुटलो, असा समज पसरलाय. तो चुकीचा. पेमेंट थांबवल्यामुळे परत आलेल्या चेकवरही तो खटला चालतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 1998 सालीच म्हटलंय. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत मिस्त्रींनी लेखी नोटीस द्यायची, ती मिळाल्यापासून 15 दिवसांत तुम्ही पैसे द्यायचे, नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. आणि त्याच कायद्याच्या कलम 139 प्रमाणे चेक देणं फेडायलाच दिला असं कोर्ट सुरुवातीला गृहीत धरतं. काम खराब होतं हे सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं, तेही आरोपीच्या जागी उभं राहून. तेव्हा चेकची तारीख यायच्या आत मिस्त्रींना भेटा, 90,000 आणि माळ्याची रास्त रक्कम एवढ्याचं बँक ट्रान्सफर करायची तयारी दाखवा, आणि त्या बदल्यात जुना चेक परत घ्या. चेक देत नसतील, तर पैसे भरल्याचं आणि चेक 1,20,000 साठी वठवू नये असं स्पीड पोस्टानं कळवा. आधी अंशतः रक्कम दिलेली असताना पूर्ण रकमेचा चेक टाकला, तर तेवढं देणं उरलेलंच नव्हतं, हा बचाव 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर भक्कम झालाय. पण तो बचाव करायची वेळ येऊ नये, हे बरं.

भांडण वाढलंच तर दोन दारं आहेत. मिस्त्रींना दिवाणी कोर्ट. पैशाची तारीख ठरलेली नसेल तर काम संपल्यापासून तीन वर्षांची मुदत, आणि मध्ये तुम्ही थोडे पैसे लेखी नोंदीनं दिलेत तर ती तिथून पुन्हा मोजतात. तो दावा आला तर नुसती ‘काम वाईट आहे’ अशी कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देऊन भागत नाही. दोषांचा खर्च हिशेबानं मांडा, आणि बाकीपेक्षा जास्त मागायचं असेल तर कोर्ट फी भरून प्रतिदावा करा. कोर्ट कमिशनर नेमून जागेवर पाहणी करायचा अर्जही लवकर द्या. माझा अनुभव असा की कमिशनर येईपर्यंत घरमालक फुगलेली फळी बदलून टाकतात आणि मग दाखवायला उरतं ते नवं कोरं कपाट.

तुमचं दार ग्राहक आयोगाचं. पैसे अर्धे दिलेले आणि अर्धे द्यायचे असले तरी 2019 च्या कायद्यानं तुम्ही ग्राहकच. तक्रार दोन वर्षांत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे इथे सांगलीतच, आणि 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. माझ्या पोटावर पाय येतो, पण खरं ते खरं.

शिक्का 303 चाच निघाला, तर पत्र असं लिहा, साध्या मराठीत: ‘दिनांक अमुकच्या कोटेशनप्रमाणे किचनमध्ये 710 प्लाय ठरलं होतं. सिंकच्या खणाला 303 चा शिक्का आहे, फोटो जोडला आहे. दोन ड्रॉवर अडकतात, चार ठिकाणी कडा सुटल्या आहेत. हे पंधरा दिवसांत दुरुस्त करून द्यावं. न झाल्यास सोबतच्या अंदाजाप्रमाणे 30,000 रुपये कापून दुसऱ्याकडून करून घेईन. उरलेले 90,000 आज तुमच्या खात्यात भरले आहेत.’ रंगाचा उल्लेख नको. वास्तुशांतीचाही नको. व्हॉट्सॲपवरही पाठवा, पण मूळ मोबाइल विकू किंवा रिसेट करू नका. आता 2023 च्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा संदेशांना प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

आणि दुरुस्ती कुणीही केली, तरी काढलेली तळफळी भंगारवाल्याला देऊ नका. जुन्या साडीत गुंडाळून त्याच माळ्यावर टाका, शिक्क्याची बाजू वर ठेवून.